हवा काढायची राहिली

सम्मेद मगदूमनं तोवर आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. कुरुंदवाडच्या जैन शेतकऱ्याचं पोरगं. घरात पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, उसात नाग निघाला तर काठी न घालता त्याला वाट करून द्यायची, अशा शिस्तीत वाढलेलं. शाळेत पोरं टपल्या मारायची, दप्तर लपवायची. हा हसून बाजूला व्हायचा. त्याची आई राजमती चार बायकांत अभिमानानं सांगायची, “आमच्या सम्मेदच्या अंगात रागाचा कणसुद्धा न्हाय बघा.”

राग होता. कुणाला दिसला नव्हता, एवढंच. त्याला स्वतःलाही नाही.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तो कोल्हापुरात पीएच.डी.ला लागला. पन्हाळ्याच्या रस्त्याला एक खासगी संशोधन संस्था होती, तिथं डॉ. अभिराम वाटवे यांच्या हाताखाली. काम होतं उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढायचं. वीज नाही, भट्टी नाही. पाण्यात एक पूड घोळायची, ऊन दाखवायचं आणि बुडबुडे गोळा करायचे. सांगायला सोपं, त्या पुडीपायी माणसांची अर्धी हयात जाते. धातूच्या अणूंच्या गाठी आणि त्यांना बांधणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या दोऱ्या, अशी ती विणलेली जाळी असते. इतकी भोकाभोकांची, की चिमूटभर पुडीच्या आतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर घरापुढचं अंगण झाकून जावं.

पहिली पूड पांढरीशुभ्र निघाली. पांढरी म्हणजे कुचकामी. दिसणारा सगळा उजेड ती जसाच्या तसा परत पाठवायची आणि उन्हातल्या थोड्याशा अतिनील किरणांवर कशीबशी जगायची. मग त्याच्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या सईनं जाळीतल्या दोऱ्या बदलल्या, रेणूला अमाइनची एक शेपटी जोडली, आणि पूड हळदीसारखी पिवळी झाली. ती निळा उजेड गटागटा प्यायला लागली. सम्मेदनं तिच्या भोकांत निकेलचे बारीक कण बसवले. एरवी त्या जागी महागडं प्लॅटिनम लागतं. निकेलवर काम भागलं तेव्हा दोघं प्रयोगशाळेत लहान पोरांसारखी नाचली होती.

सई म्हणजे सई जोशीलकर. शुक्रवार पेठेतल्या शाळामास्तरांची मुलगी. कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘मी जातो, मी करतो’ असं रांगडं बोलणारी, तोंडावर सांगणारी. सम्मेद जेवढा मऊ तेवढी ही तिखट. सम्मेदला ती आवडायची. बोलला मात्र कधी नाही. सईलाही ते कळलं होतं, आणि ती तो बोलायची वाट बघत नव्हती. तिची सगळी नजर त्या पिवळ्या पुडीवर होती.

वाटवे सर हुशार होते, बोलण्यात तर फारच. विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायचे, कुणी आजारी पडलं तर स्वतः गाडीनं दवाखान्यात न्यायचे. पण त्यांना थांबणं ठाऊक नव्हतं. जाळीची बातमी बाहेर गेली तशी त्यांनी संस्थेच्या गच्चीवर काचेचे मोठे चपटे खोके बसवून घेतले. त्यांत पिवळं पाणी फिरायचं आणि वर येणारा वायू एका काचेच्या मोठ्या गोळ्यात साठायचा. गोळ्याला एक बारीक नळी. नळीच्या तोंडाशी ज्योत पेटवून दाखवायची, आणि ज्योत मागं फिरून आत शिरू नये म्हणून नळीत धातूची बारीक गाळणी बसवायची. जयसिंगपूर, हातकणंगल्याचे चार-पाच कारखानदार ती ज्योत बघायला येणार होते.

आदल्या दिवशी सरांना गोळा मळकट दिसला. त्यांनी तो उतरवून घासायला लावला. गोळा चकचकीत झाला. गाळणी मात्र घाईत खालीच टेबलावर राहिली, आणि गोळ्यात हवा भरली ती वेगळीच. अशा वेळी आधी नायट्रोजन सोडून आतली सगळी हवा हुसकून लावायची असते. निव्वळ हायड्रोजन शांत जळतो. हवेत मिसळलेला हायड्रोजन म्हणजे सुरुंगाची दारू. हे शाळेतली पोरंही परीक्षानळीत करून बघतात.

सकाळी सम्मेदनं नायट्रोजनचा सिलिंडर उघडला तर काटा तळाला. खोक्यांवर तर ऊन पडलेलं, बुडबुडे सुरू झालेले.

“सर, सिलिंडर रिकामा हाय,” तो म्हणाला. “गोळ्यात हवा हाय. मी शिरोलीतनं दुसरा घेऊन येतो. तवर नळी पेटवू नका.”

“पाहुणे जेवायच्या आधी निघणार आहेत, सम्मेद.”

“जाऊ देत की, सर. पण पेटवू नका.”

“बरं, बरं. पळ लवकर.”

सम्मेद टेम्पो घेऊन शिरोलीला गेला. परतताना नाक्यावर उसाची ट्रॉली कलंडली होती. गाड्यांच्या रांगेत तो घाम पुसत बसून राहिला, सईला फोन लावत राहिला. तिचा फोन खाली प्रयोगशाळेत वाजत होता.

तो संस्थेच्या फाटकातून आत आला आणि सिलिंडर उतरवायला टेम्पोचं फाळकं खाली टाकलं, तेव्हाच वरून आवाज झाला. फटाक्यांच्या माळेसारखा लांबलचक नाही. एकच कोरडा दणका, कानात बोट घातल्यासारखा. पाठोपाठ आवारात काच पडायला लागली. गुलमोहराच्या पानांतून, टेम्पोच्या टपावर, त्याच्या खांद्यांवर. मग एक किंकाळी, आणि ती थांबेना.

जिन्याच्या पायऱ्यांवरून पिवळा गाळ ओघळत खाली येत होता. वरच्या पायऱ्यांवर त्याचा रंग बदलत गेला. गच्चीवर पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते, एकजण कानावर हात दाबून खाली बसलेला. सई खोक्यांच्या मधोमध उताणी पडली होती. डाव्या गालात बोटाएवढी काच उभी रुतलेली. गालाच्या वर डोळा असायला हवा होता तिथं नुसता लाल खड्डा, आणि त्यातून रक्त कानाकडं वाहत होतं. गळ्यावर, हातांवर बारीक काचांचं जाळं. ती हातानं चेहरा चाचपायला बघत होती. सम्मेदनं तिची दोन्ही मनगटं घट्ट धरून ठेवली.

“हात लावू नको, सई. मी हाय. मी सम्मेद हाय.”

वाटवे सर पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. कपाळावर एक ओरखडा. हातात लायटर तसाच.

दवाखान्यात नेताना गाडीत सई शुद्धीवर होती. सम्मेदच्या शर्टाची बाही मुठीत धरून ती तुटक तुटक बोलत होती. “मी नाही पेटवलो. मी थांबा म्हटलो... नळीतला वायू आधी परीक्षानळीत घेऊन बघू म्हटलो... सर हसले. म्हणाले, भित्री आहेस. माझ्या हातातला लायटर ओढून घेतला.” मग तिनं विचारलं, “डोळा हाय का रे?”

सम्मेद म्हणाला, “हाय.” आयुष्यात इतकं सरळ खोटं तो कधी बोलला नव्हता.

तिला आत घेतलं. तिचे वडील आले, बाकड्यावर बसले आणि भिंतीकडं बघत राहिले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, डावा डोळा वाचणार नाही, काढावा लागेल. मास्तरांनी मान हलवली, जणू वर्गात कुणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं. सम्मेदला तिथं बसवेना. तो बाहेर आवारात आला.

भर दुपार होती. रुग्णवाहिका जिथं लावतात तिथल्या सावलीत वाटवे सर दोन हवालदारांशी आणि एका बातमीदाराशी बोलत होते. कपाळाला पांढरी पट्टी.

“फार वाईट झालं,” सर सांगत होते. “गुणी मुलगी. पण निष्काळजीपणा. हवा काढायची राहिली तिच्याकडून. मी शंभरदा सांगितलं असेल.”

हवालदार नि बातमीदार आत गेले. सरांनी सम्मेदला पाहिलं आणि जवळ आले.

“सर, हवा हाय हे मी तुम्हाला सांगून गेलतो,” सम्मेद म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ, सम्मेद. तिचं जे व्हायचं ते झालं. आता ते परत येणार नाही. तू स्वतःचं वाटोळं करून घेऊ नकोस. तिला समजाव. गप्प राहिली तर मी दोघांनाही सांभाळून घेईन. तुझा प्रबंध यंदाच पूर्ण होईल.”

त्या खांद्यावर अजून काचेचा चुरा होता. सरांच्या बोटांखाली तो कचकचला.

ठोसा मारता येत नव्हता म्हणून सम्मेदचा पहिला ठोसा चुकीचा बसला; त्याचीच दोन बोटं पिचली. सर मागं कोलमडले, ‘अरे’ म्हणाले. दुसरा नाकावर बसला. सर गुडघ्यावर आले, तोंड झाकून घेतलं. भिंतीला सलाइन लावायचा मोडका लोखंडी स्टँड टेकवलेला होता. सम्मेदनं तो उचलला. पहिला तडाखा सरांच्या दंडावर पडला आणि हाड मोडल्याचा ओला आवाज आला. दुसरा जबड्यावर. दात फरशीवर सांडले. सर आता ओरडत नव्हते, नुसते गुरगुरल्यासारखे श्वास घेत होते, आणि सम्मेद मारतच होता, पाठीवर, मांड्यांवर, शेतात काठीनं शेंगा झोडपाव्यात तसा, एका लयीत. मास्तर केव्हा बाहेर आले, कुणी त्याची कंबर धरली, कुणी स्टँड हिसकला, त्याला समजलं नाही. दोघा-तिघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं तेव्हा त्याच्या गालाला फरशी गार लागली.

आणि त्याला बरं वाटत होतं. हीच गोष्ट पुढं त्याला सर्वांत जास्त छळत राहिली. पिवळी पूड पहिल्यांदा निघाली त्या दिवसाइतकंच बरं वाटलं होतं.

पोलिसांनी त्याला धरलं. जामिनावर सोडवायला वडील तवनाप्पा कुरुंदवाडहून वकील घेऊन आले. वकील चलाख होता. म्हणाला, “सरांनी आधी तुझी गचांडी धरली. तू स्वतःला वाचवलंस. कळलं?” सम्मेदनं मान हलवली. वडील शेजारी उभे होते; त्यांनी ऐकलं आणि खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मगदुमांच्या दारात जीप येऊन थांबली. तवनाप्पा म्हशीला वैरण टाकत होते. जीपमधून मोहित वाटवे उतरला, सरांचा धाकटा भाऊ. मागून चार गडी, हातात उसाएवढे दांडके.

“पावणं, कोण पायजे?” तवनाप्पांनी विचारलं.

“तुझं पोरगं,” मोहित म्हणाला.

सम्मेद अंगणात आला. पळून जावं असं त्याच्या मनात आलं नाही. पहिला दांडका गुडघ्याच्या मागं बसला आणि तो तोंडावर आपटला. मग त्यांनी त्याला मोजूनमापून मारलं. पाठीवर, पिंढऱ्यांवर, आणि एकानं त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ताणून धरला तेव्हा दुसऱ्यानं त्यावर दांडका घातला. मोहित मध्ये मध्ये वाकून विचारत होता, “माझ्या भावाला अजून तोंड उघडता येत नाही. तुझं उघडतंय का बघू?” आणि बुटाची टाच त्याच्या ओठांवर दाबत होता. तवनाप्पा मधे पडले तसा एकानं त्यांच्या कानशिलात लगावली. साठीचा माणूस, म्हशीच्या दावणीवर जाऊन पडला.

उठले तेव्हा त्यांच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता.

तवनाप्पांनी जन्मात मुंगी मुद्दाम चिरडली नव्हती. पण त्यांचे डोळे बघून दांडकेवाले मागं सरले. मोहितची पाठ त्यांच्याकडं होती. कोयता वर गेला आणि खाली येताना मधेच अडला. राजमतीनं पातं उघड्या हातानं पकडलं होतं.

“सोड, राजमती!” तवनाप्पा ओरडले.

“न्हाय सोडत.”

पातं तिच्या तळव्यात घुसलं होतं. मनगटावरून, काकणांवरून रक्ताची धार लागली. तिनं ना डोळे मिटले, ना हात काढला.

“आदी माझा हात तोडा,” ती म्हणाली. “मग त्याचं मुंडकं. घरात एक झालाय तेवढा पुरं.”

तवनाप्पांची मूठ सैल झाली. कोयता खाली पडला. मोहितनं वळून बघितलं, त्या बाईच्या हाताकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला. तोवर शेजारपाजारचे लोक कुऱ्हाडी-काठ्या घेऊन धावत आले होते. जीप धुरळा उडवत निघून गेली.

राजमतीच्या हाताला टाके पडले. दोन बोटं पुढं कधी नीट मिटली नाहीत. सम्मेदच्या हाताला प्लास्टर. त्या दिवशी ती लेकाजवळ बसली नाही. पाणी आणून ठेवलं, भात कालवून ठेवला. तो “अव्वा” म्हणाला तरी मागं बघितलं नाही. ‘घरात एक झालाय’ हे वाक्य मोहितच्या दांडक्यापेक्षा खोल लागलं होतं.

सई घरी आल्याचं कळलं तेव्हा सम्मेद लंगडत शुक्रवार पेठेत गेला. मास्तरांनी दार उघडलं, आत जायला वाट दिली. सई खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, गळ्यावरचे टाके काळे पडलेले. तिनं त्याच्याकडं उजव्या डोळ्यानं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

“छान,” ती म्हणाली. “आता आपण तिघंही मोडलो.”

“सई, मी तुझ्यासाठी...”

“गप.” तिचा आवाज वाढला नाही. “माझ्यासाठी म्हणू नको. मी मागितलो होतो का? मी आत पडलो होतो, डोळा काढत होते माझा. बाहेर येऊन माझ्या तोंडानं मला सांगायचं होतं काय झालं ते. शुद्धीवर आलो तर सगळीकडं काय? सरांचा जबडा, सरांचा हात, सरांचं रक्त. चौकशी समिती आली. मी म्हटलो, लायटर सरांनी ओढला. तर एक बाई काय म्हणाल्या, ठाऊक हाय? ‘तुमच्या मित्रानं त्यांना ठार मारायचंच बाकी ठेवलं, आता तुम्ही आरोप करताय.’ माझा डोळा गेला आणि बिचारे कोण झाले? ते!”

सम्मेद उभाच होता. बसायला तिनं सांगितलं नव्हतं.

“तुला मारायचं होतं म्हणून मारलंस तू. किती वर्षांचं कुणाचं कुणाचं साठलं होतं तुझ्यात, देव जाणे. ते सगळं माझ्या नावावर घातलंस.”

“व्हय,” सम्मेद म्हणाला. आणि मग, जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं. “मारताना मला बरं वाटत होतं, सई.”

तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं.

“तुझा वकील काय सांगतोय?” तिनं शेवटी विचारलं.

“सरांनी आधी गचांडी धरली म्हणून.”

“धरली होती?”

“न्हाय. खांद्यावर हात ठेवला होता.”

“मग ऐक. सिलिंडर रिकामा होता, हवा आत होती, तू सरांना सांगून गेलतास. हे ठाऊक असलेला तू एकटा हायस. पाहुण्यांनी तोंडं शिवलीत. पण तू एक खोटं बोललास की तुझं खरंही खोटंच. सगळे म्हणणार, ही दोन्ही पोरं मिळून बनवाबनवी करत्यात. तू जाऊन सांग. जसं झालं तसं. त्यांनी हात उचलला नाही, मी उचलला. स्टँडनं मारलं. पडल्यावरही मारलं. सगळं. मग नायट्रोजनचं सांग.”

“जेलात जाईन मी.”

“जाशील की,” सई म्हणाली. उजव्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण आवाज ढळला नाही. “मला वाईट वाटंल. तरी जा.”

त्यानं पोलिसांना सगळं सांगितलं. वकिलानं हात झटकले. चौकशी समितीपुढं त्याला बोलावलं त्या दिवशी खोलीत दाटीवाटी होती. सई मागच्या बाकावर होती, वाटवे सर एका टोकाला बसले होते. जबडा तारांनी बांधलेला, हात झोळीत, सूज उतरून चेहरा एका बाजूला बसका झालेला. सम्मेदला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून त्यानं मुद्दाम त्यांच्याकडंच बघत सांगितलं.

“सरांनी मला हात लावला तो समजुतीचा होता. मारलं मी. पहिल्यांदा हातानं, मग लोखंडी स्टँडनं. ते खाली पडल्यावर थांबायला हवं होतं. मी थांबलो न्हाय. लोकांनी धरलं नसतं तर मी त्यांना मारून टाकलं असतं. त्याची जी शिक्षा असंल ती मला मान्य हाय.”

त्यानं डाव्या हातानं कपाळ पुसलं.

“आता दुसरं सांगतो,” तो म्हणाला. आणि घासलेला गोळा, टेबलावर विसरलेली गाळणी, तळाला गेलेला काटा, शिरोलीला निघताना बोललेलं वाक्य, सगळं एका दमात सांगितलं. समितीतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, “सिलिंडर भरलेला होता असं सरांनी लिहून दिलंय.” सम्मेद म्हणाला, “भरलेला होता तर मी टेम्पो घेऊन कशाला गेलतो? स्फोट झाला तेव्हा नवा सिलिंडर अजून टेम्पोतच होता. फाटकावरच्या शिपायानं बघितलाय.”

पाहुण्यांपैकी एक जण समितीच्या बोलावण्यावरून आल्या होत्या. जयसिंगपूरच्या प्रियदर्शनी शेटे, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीण. तोवर त्या ‘मला नीट आठवत नाही’ एवढंच म्हणत आल्या होत्या. सम्मेद बसल्यावर त्यांनी खुर्चीत चुळबुळ केली, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

“हा पोरगा स्वतःचा गळा स्वतःच्या हातानं कापून घेतोय,” त्या म्हणाल्या. “मी कशाला घाबरू? मी तिथंच उभी होते. मुलगी दोनदा ‘थांबा’ म्हणाली. सरांनी तिच्या हातातनं लायटर घेतला नि पेटवला. ती त्यांना अडवायला पुढं झाली, म्हणून काच तिच्या तोंडावर बसली. नाहीतर ती सरांच्या तोंडावर बसली असती.”

हे शेवटचं वाक्य सईनंही कधी सांगितलं नव्हतं. सम्मेदनं सईकडं वळून बघितलं. ती समोर भिंतीकडं बघत होती. आणि वाटवे सरांनी, तारांमागून, एक आवाज काढला. शब्द नव्हता तो. त्यांनी चांगला हात कपाळावर ठेवला आणि तसेच बसून राहिले. सम्मेदला त्या क्षणी वाटलं, त्यांनाही ते आत्ताच कळलं असावं.

पुढं जे व्हायचं ते झालं. वाटवे सरांचं मार्गदर्शकपद गेलं, त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. मोहित आणि त्याच्या गड्यांवर कुरुंदवाडला वेगळा. सईला दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या. एका डोळ्यानं बारीक वजनकाट्यावर काम करताना सुरुवातीला तिला अंतराचा अंदाज चुकायचा, चमचा भांड्याच्या बाहेर जायचा, आणि ती अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशी शिवी हासडायची. हळूहळू हात बसला.

सम्मेदनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. निकालाच्या दिवशी तवनाप्पा आले होते, आणि राजमतीही. शिक्षा ऐकून सम्मेद बाहेर आला तेव्हा पोलीस त्याला गाडीकडं न्यायची घाई करत होते. राजमती वाटेत उभी राहिली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. आता तिनं न मिटणारी दोन बोटं असलेला हात वर केला आणि त्याच्या गालावरून फिरवला.

“खाऊन घेत जा,” ती म्हणाली. “दिवसाउजेडी देत न्हाईत तिथं. रातचं दिलं तरी खा. मी काय म्हणणार न्हाय.”

सम्मेदला रडू फुटलं. कोर्टाच्या आवारात, दोन पोलिसांच्या मधे, तो लहान पोरासारखा हुंदके देत राहिला.

कळंब्याच्या तुरुंगात त्याची गाठ मारामारी करून आलेल्या पुष्कळ जणांशी पडली. त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येकजण सांगायचा, समोरच्यानं सुरुवात केली होती. सम्मेदला विचारलं की तो म्हणायचा, “मी केली.” पहिल्यांदा ते त्याला हसायचे. मग कुणी विचारायचंच बंद केलं.

एकदा भेटीच्या दिवशी सई आली. गज आणि जाळीच्या पलीकडं बसली. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, गालावर पांढरट वण. तिनं सांगितलं, पाच वेळा धुवून वापरली तरी पुडीची जाळी आता ढासळत नाही, वायूही तेवढाच देते. सम्मेदनं विचारलं, पाण्याची आम्लता किती ठेवलीस. तिनं सांगितलं. तो म्हणाला, थोडी कमी करून बघ, गाठी आणखी टिकतील. ती म्हणाली, बघतो.

मग तिनं खुर्ची जाळीजवळ ओढली.

“सरांचा खटला उभा राहिला,” सई म्हणाली. “मी साक्ष देऊन आलो. त्यांना अजून नीट बोलता येत नाही, सम्मेद. जज विचारत होते आणि ते थांबून थांबून उत्तर देत होते. मला राग यायला पाहिजे होता.”

“आला न्हाय?”

“आला. पण त्याच्या आत दुसरंही काहीतरी आलं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “ते तुझ्यामुळं हाय. त्याबद्दल मी तुला माफ केलेलो नाही.”

“करू नको,” सम्मेद म्हणाला.

वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं. ती उठली, खुर्ची मागं सारली आणि दाराकडं निघाली. डावीकडून येणारा माणूस तिला दिसला नाही, त्याचा धक्का लागला. तिनं झटकन वळून त्याच्याकडं बघितलं, तो ‘सॉरी ताई’ म्हणाला, आणि ती मान सरळ ठेवून बाहेर उन्हात गेली.